फटीत गेलेला पारा

(१९९५ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सूत्रसंचालकांनी मघाशी माझी ओळख करून देताना सांगितलं, की मी 'जंगलातल्या आगींवर संशोधन' करते. त्यावर मागच्या रांगेतून जे हसू आलं ते तीस वर्षांत अजिबात बदललेलं नाही. त्यांचं हसणं बरोबरच आहे. मी संशोधक नाही. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पदवीनंतर पंधरा-सोळा वर्षं बँकांचे व्याजाचे हिशेब करणारे प्रोग्रॅम लिहिले. गेली काही वर्षं पुण्यात बसून एका लहानशा गटासाठी हवेच्या मोजमापांचे हिशेब करणारे प्रोग्रॅम लिहिते. आमच्याकडे येणारी बरीचशी मोजमापं उत्तर अमेरिकेतली असतात. तिथली जंगलं मी पाहिलेली नाहीत. ज्या वणव्यांचे आकडे मी रात्री दोन-दोन वाजेपर्यंत तपासते, त्यांचा धूर कधी माझ्या डोळ्यांत गेलेला नाही. मला दिसतात ते फक्त रकाने.

मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे 'माझं काम'. कामाबद्दल बोलतेच. पण त्याची सुरुवात आपल्या प्रयोगशाळेत होते, आणि तिथली एक गोष्ट मी बत्तीस वर्षं कुणाला सांगितलेली नाही. आज बाई समोर बसल्या आहेत, म्हणून सांगून टाकते.

आठवीत, १९९२ साली, उत्कलनबिंदूचा प्रयोग होता. स्टँड, स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र आणि लांब थर्मामीटर. प्रयोग संपला, बाई दुसऱ्या वर्गावर गेल्या, आणि आम्ही तिघीजणी सामान आवरायला थांबलो. थर्मामीटर टेबलावर आडवा ठेवला होता. माझं कोपर लागलं, तो घरंगळला आणि शहाबादी फरशीवर फुटला. काच फुटल्याचं दुःख दोन सेकंद टिकलं असेल. कारण त्यातून जे बाहेर आलं ते इतकं सुंदर होतं! चकचकीत गोळ्या. बोट लावलं की एकीच्या चार व्हायच्या, चार जवळ आणल्या की पुन्हा एक. तळहातावर घेतली तर जड लागायची. आम्ही बराच वेळ खेळलो. काही गोळ्या काडेपेटीत भरल्या, बाकीच्या फरशीच्या फटीत गेल्या. काचा कपाटामागे सारल्या आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतल्या काकांना काचा सापडल्या. त्यांनी हातानेच झाडलोट केली. तुटफुटीच्या रजिस्टरमध्ये 'थर्मामीटर १' अशी नोंद झाली, आणि पुढे काकांचं नाव लागलं, कारण खोलीची किल्ली त्यांच्याकडे असायची. पैसेही त्यांनीच भरले. आम्ही तिघी गप्प राहिलो. बाकीच्या दोघींचं मी सांगत नाही. कोपर माझं होतं.

पण घरी मी पकडली गेले. माझ्या बोटात आजीने दिलेली सोन्याची बारीक अंगठी होती. रात्री जेवताना आईचं लक्ष गेलं. अंगठी पांढरी पडली होती, चांदीची असावी तशी. आई मला घेऊन सोनाराकडे गेली. त्याने अंगठी नुसती पाहिली आणि विचारलं, "पाऱ्याशी खेळलीस ना?" मग ती तापवली, पारा उडून गेला आणि अंगठी पुन्हा पिवळी झाली. आईने घरी चांगली समज दिली. पण शाळेत जाऊन सांग, असं काही ती म्हणाली नाही, आणि मीही सांगितलं नाही.

आता माझ्या कामाकडे येते. हवेतला पारा मोजायचं जे यंत्र जगभर वापरतात, ते नेमकं त्या सोनाराचं दुकान आहे. हवा एका नळीतून ओढून घेतात. नळीत शुद्ध सोनं असतं. हवेतला पारा सोन्याला चिकटतो, बाकीची हवा निघून जाते. साधारण पाच मिनिटांनी ते सोनं तापवतात, पारा सुटतो आणि आर्गॉन वायूबरोबर पुढे जातो. पुढे त्याच्यावर एक ठरावीक अतिनील किरण सोडतात, तरंगलांबी २५३.७ नॅनोमीटर. पाऱ्याचे अणू तो किरण शोषून पुन्हा चमकतात. जितकी चमक जास्त, तितका पारा जास्त. अशा दोन नळ्या असतात. एक तापत असताना दुसरी गोळा करत राहते, म्हणजे खंड पडत नाही. हे पहिल्यांदा समजावून घेतलं तेव्हा मला आजीची अंगठी आठवली होती.

मोजायचं असतं किती? उत्तर गोलार्धात स्वच्छ जागी एका घनमीटर हवेत साधारण दीड नॅनोग्रॅम पारा असतो. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. वणव्याचा धूर आला की हा आकडा वर चढतो.

पण जंगलात पारा आला कुठून? आग पारा तयार करत नाही. पारा हे मूलद्रव्य आहे. ते तयारही होत नाही आणि जळून नष्टही होत नाही. ज्वालामुखीतून तो पूर्वीपासून बाहेर पडत आला आहे. त्यात माणसाने मोठी भर घातली. आपण कोळसा जाळला, पारा वापरून सोनं-चांदी काढली, कारखाने चालवले. हा पारा वायुरूपात कित्येक महिने जगभर फिरतो. झाडं पर्णरंध्रांतून कार्बन डायऑक्साइड घेतात, त्याबरोबर तोही पानांत शिरतो. पान गळतं, कुजतं, आणि पारा जमिनीवरच्या पाल्यात आणि काळ्या मातीत साठत जातो. म्हणजे जंगलाने आपला सांडलेला पारा दीडशे-दोनशे वर्षं उचलून फटीत भरून ठेवला आहे. आग लागली की फटी उघडतात.

किती पारा बाहेर पडतो, हे पहिल्यांदा नीट पाहणाऱ्यांत अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या वातावरण संशोधन केंद्राचे रसायनशास्त्रज्ञ हान्स फ्रिडली होते. २००० च्या सुमारास त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सात ठिकाणांहून पाला आणि हिरव्या फांद्या आणल्या आणि प्रयोगशाळेत जाळून पाहिल्या. एका ग्रॅममध्ये साधारण १४ ते ७१ नॅनोग्रॅम पारा होता, आणि जळल्यावर तो जवळजवळ सगळाच्या सगळा हवेत गेला. राखेत नावापुरता उरला. बहुतेक पारा वायुरूपात गेला, थोडा धुराच्या कणांना चिकटून. मग त्यांनी कॅनडातल्या ऑन्टॅरिओच्या उत्तरेला लागलेल्या खऱ्या वणव्याच्या धुरातून विमान नेऊन तेच मोजलं.

हे आकडे फार लहान वाटतात. म्हणून मी आपल्या थर्मामीटरचा हिशेब करून पाहिला. त्यात १ ग्रॅम पारा होता असं धरू, आणि पाल्यात ग्रॅमला ५० नॅनोग्रॅम. तेवढा पारा गोळा व्हायला २० टन वाळका पाला लागेल. एवढा पाला जाळल्यावर जे हवेत गेलं असतं, ते मी एका कोपराने केलं होतं. पण जंगलाकडे पाला किती आहे, हेही बघायला हवं.

आता खरी अडचण. शेकडो किलोमीटर पसरलेल्या आगीतून एकूण किती पारा निघाला, हे कसं सांगायचं? अख्खा धूर तर कुणाला पकडता येत नाही. इथे एक युक्ती आहे, आणि ती आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला चांगली दिसली. केप पॉइंटच्या कड्यावर हवा मोजणारं केंद्र आहे. जानेवारी २००० मध्ये त्या द्वीपकल्पावर मोठा वणवा लागला आणि त्याचा धूर या केंद्रावरून गेला. तिथे पारा आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही मोजत होते. दोन्हींचे आकडे बरोबरच चढले आणि बरोबरच उतरले. दोन्हींतून आधीची, धूर येण्यापूर्वीची पातळी वजा केली आणि उरलेल्यांचं गुणोत्तर काढलं. कार्बन मोनॉक्साइडच्या १ कोटी रेणूंमागे पाऱ्याचे साधारण २ अणू. धूर वाऱ्याने कितीही पातळ झाला तरी दोन्ही सारखेच पातळ होतात, म्हणून गुणोत्तर टिकतं. मग आगीतून कार्बन मोनॉक्साइड किती निघाला हे कळलं, की पाऱ्याचा अंदाज करता येतो.

सर, नववीत व्हर्निअर कॅलिपरची शून्यत्रुटी आधी वजा करा, म्हणून तुम्ही किती ओरडायचात! माझं निम्मं काम तेच आहे. आगीच्या आधी हवेत किती होतं, ते वजा केल्याशिवाय आगीचं म्हणून काही सांगता येत नाही.

दुसरी वाट उपग्रहाची. आधी किती हेक्टर जळलं ते बघायचं, मग हेक्टरी जळण किती होतं, त्यातलं किती टक्के खरंच जळलं, आणि त्या जळणात पारा किती होता. चार आकड्यांचा गुणाकार. तिसरीतल्या मुलालाही येईल. पण प्रत्येक आकड्यात चूक असते, आणि गुणाकारात चुकाही एकमेकींत मिसळतात. २००७ साली या पद्धतीने अमेरिकेचा पहिला हिशेब प्रसिद्ध झाला. अलास्का धरून वर्षाला सुमारे ४४ टन. २००९ साली जगाचा आला. १९९७ ते २००६ या काळात वर्षाला सरासरी ६७५ टन, कमी-जास्त २४० टन. जगात सगळ्या मार्गांनी हवेत जाणाऱ्या पाऱ्याच्या हा साधारण ८ टक्के होता.

ते 'कमी-जास्त २४०' मला सुरुवातीला लाजिरवाणं वाटायचं. बँकेत मी अर्ध्या पैशाचा फरक शोधायला रात्र घालवलेली आहे, आणि इथे एक तृतीयांशापेक्षा जास्त इकडेतिकडे! पण ज्याने तो आकडा शेजारी लिहिला, तो प्रामाणिक आहे, हे हळूहळू कळलं. नुसतं '६७५' लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं.

आता माझी स्वतःची चूक सांगते. विमानातून घेतलेली मोजमापं आमच्याकडे दोन फाइलींत आली होती, एकीत पारा, दुसरीत कार्बन मोनॉक्साइड. दोन्ही वेळेनुसार जोडायच्या आणि गुणोत्तर काढायचं, हा माझा प्रोग्रॅम. कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दर सेकंदाला येतो. पाऱ्याचा पाच मिनिटांनी, कारण सोन्याने गोळा करायला वेळ लागतो. आता हे बघा, जेट विमान ताशी ९०० किलोमीटर वेगाने जात असेल तर पाच मिनिटांत ते ७५ किलोमीटर जातं, म्हणजे पुण्याहून खंडाळ्याच्या पुढे. तेवढ्यात धुराचा पट्टा येऊन गेलेलाही असतो. पाऱ्याच्या फाइलीत जी वेळ लिहिली होती ती मोजणी संपल्याची होती. मी ती सुरू झाल्याची धरली. त्यामुळे धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडशी धुराबाहेरचा पारा जोडला गेला. गुणोत्तर कमी आलं. आकडा नीटनेटका होता, आलेखही छान होता. मी तो पाठवून दिला आणि सगळ्यांनी तो स्वीकारला.

तीन आठवड्यांनी, भलत्याच कामासाठी तीच फाइल उघडली असताना, रात्री मला ते दिसलं. कुणाच्याच लक्षात आलेलं नव्हतं. प्रोग्रॅमची पुढची आवृत्ती चार दिवसांत जाणार होती. त्यात दोन ओळी बदलल्या असत्या तर आकडा आपोआप सुधारला असता, आणि 'किरकोळ दुरुस्त्या' एवढं लिहून भागलं असतं. मी त्या दोन ओळी बदलल्यासुद्धा. मग खुर्चीत बसून राहिले. डोळ्यांसमोर कपाटामागे सारलेल्या काचा येत होत्या.

पहाटे मेल लिहिला. चूक माझी आहे, अमुक तारखेपासूनचे आकडे वापरू नका, पारा प्रत्यक्षात जास्त आहे. तिकडून दोन ओळींचं उत्तर आलं. आभार मानले होते आणि कुठल्या कुठल्या फाइली बदलायच्या त्याची यादी मागितली होती. बाकी काही नाही. एवढ्यासाठी मी रात्रभर थरथरत होते! आठवीतही कदाचित असंच झालं असतं.

तुम्ही म्हणाल, पाच मिनिटांच्या चुकीने कुणाचं काय बिघडणार होतं? म्हणून उत्तरेकडच्या त्या जंगलांबद्दल थोडं सांगते. कॅनडा, अलास्का, सायबेरिया या भागात पानं लवकर कुजत नाहीत, थंडी आणि ओल असते. दलदलीच्या जागी अर्धवट कुजलेल्या शेवाळाचे आणि पाल्याचे थर हजारो वर्षं साठले आहेत. त्याला पीट म्हणतात. आपल्या डोंगरावर फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा लागतो तो बहुतेक वरचं गवत आणि पाला जाळत जातो. पीट पेटलं तर आग खाली शिरते आणि आठवडेच्या आठवडे धुमसत राहते. पारा तर तिथेच, खालीच असतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की अशा पीटच्या जमिनीत साठलेला पारा हिशेबात धरला तर उत्तरेकडच्या आगींतून सुटणाऱ्या पाऱ्याचा अंदाज, तो न धरता केलेल्या अंदाजांच्या १५ पट येतो. हवामान तापतंय, पीट सुकतंय. २०२३ च्या उन्हाळ्यात एकट्या कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर जळलं. आपला महाराष्ट्र साधारण ३ कोटी ८ लाख हेक्टरांचा आहे. म्हणजे जवळजवळ अर्धा महाराष्ट्र.

हवेत गेलेला पारा पुन्हा खाली येतो. तळ्यांत, समुद्रात पडतो. तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात. ते लहान माशांत जातं, त्यांना खाणाऱ्या मोठ्या माशांत आणखी साठतं, आणि मग माणसाच्या ताटात येतं. पोटातल्या बाळाच्या मेंदूला त्याचा सर्वांत जास्त धोका. जपानमध्ये मिनामाता गावी एका कारखान्याच्या सांडपाण्यातून हेच घडलं. तो आजार अधिकृतपणे नोंदला गेला १९५६ साली. त्या गावाच्या नावाने पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, २०१७ मध्ये लागू झाला, आणि २०१८ मध्ये भारतही त्यात सामील झाला. त्यामुळेच पाऱ्याचे थर्मामीटर आता बाजारातून जात आहेत.

करारामुळे कोळशाच्या वीजकेंद्रांना, कारखान्यांना, खाणींना जाब विचारता येतो. त्यांच्या धुराड्यावर नाव असतं. वणव्याच्या धुरावर कुणाचंच नाव नसतं. उद्या सगळ्या धुराड्यांतून पारा यायचा थांबला आणि तरीही तळ्यातल्या माशांत तो कमी झाला नाही, तर लोक म्हणतील, करार फुकट गेला. तेव्हा कुणीतरी सांगायला हवं, की हा आगीतून आलेला, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातला आणि आपल्याही काळातला पारा आहे, आणि तो एवढा-एवढा आहे. म्हणून तो आकडा बरोबर पाहिजे. तो कमी दाखवणं म्हणजे काचा कपाटामागे सारणं.

एक उपयोगाची गोष्ट सांगते, कारण जुन्या घरांत अजून ताप बघायचा काचेचा थर्मामीटर सापडतो. फुटला तर झाडूने झाडू नका, व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावू नका. त्याने पारा आणखी पसरतो. मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, हातातलं सोनं काढून ठेवा. जाड कागदाने गोळ्या एकत्र करून घट्ट झाकणाच्या बरणीत भरा. बरणी घरच्या कचऱ्यात टाकू नका आणि पारा मोरीत ओतू नका. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं, हे खरं. पण आम्हीही कुणाला विचारलं नव्हतं.

आपली प्रयोगशाळा मी आज सकाळी पाहून आले. फरशी तीच आहे. तिच्या फटीत गेलेला पारा कितीतरी दिवस हळूहळू हवेत येत राहिला असणार, आणि त्या खोलीत सर्वांत जास्त वेळ बसायचे ते काका. ते आज आपल्यात नाहीत. त्यांच्याजवळ चूक कबूल करायला मला बत्तीस वर्षं होती, आणि त्यातली बरीच वर्षं ते याच गावात होते.

बाई, दोन डिजिटल थर्मामीटर आणले आहेत, पारा नसलेले. ते प्रयोगशाळेत जमा करून घ्या. आणि एक विनंती आहे. १९९२ चं ते रजिस्टर कपाटात कुठे शिल्लक असेल, तर मला पाच मिनिटं हवं आहे. आधीची नोंद खोडायची नाही. आमच्या कामातही जुनी ओळ खोडत नाहीत. खाली आजची तारीख घालून एक ओळ लिहायची आहे, की थर्मामीटर माझ्या हातून फुटला, काकांच्या नव्हे. पुढे सही करीन.